सहा नंबरचा चिमटा

विमान पडलं की उडवणाऱ्याच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं: "रेडिओ गेला!" आपला हात चुकला असं कबूल करणारा माणूस रिमोटची छोटी विमानं उडवायच्या त्या मैदानावर अजून जन्माला यायचा होता. समोरून आपल्याकडे येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते आणि विमान सरळ कुंपणात घुसतं. पण गडी हातातल्या रिमोटकडे असा बघणार, जणू त्यानेच दगा दिला. मग तुकडे पिशवीत भरायचे आणि पिशवी घेऊन लिफ्टवाल्याकडे जायचं.

लिफ्टवाला म्हणजे खरोखरच लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आठवडाभर तो उंच इमारतींच्या गच्चीवर मशीनच्या खोल्यांत ग्रीसने हात बरबटून उभा असायचा आणि रविवारी सकाळी मैदानावर. लिफ्टचा एक स्वभाव त्याला पुरता ठाऊक होता. रहिवासी आठवडाभर ओरडतात आणि मेकॅनिक आला की ती बया गरीब गाईसारखी वरखाली करून दाखवते. मग हा जिन्यात बसून राहायचा, तिचं सोंग उतरेपर्यंत. तोच धीर विमानांच्या कामी आला. तो तुकडे हलवून बघायचा, वास घ्यायचा, वायरी बोटांनी चाचपायचा आणि सांगायचा, की वायर आतून तुटली होती किंवा बॅटरी जोर लावला की बसत होती. हातच चुकला असेल तर त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच सांगायचा. चारचौघांत कुणाची अब्रू काढायची नाही हे त्याला दादाने शिकवलं होतं.

शिकवायचं जे काही होतं ते सगळं दादानेच शिकवलं होतं. वडील लवकर गेले, तेव्हा दादा छापखान्यात नुकताच मशीन फिटर म्हणून लागला होता. त्याने धाकट्याचं शिक्षण केलं, त्याला कामाला लावलं, आणि रविवारचा हा छंदही लावला. हलक्या लाकडाच्या पट्ट्या ब्लेडने कापून, कागद ताणून चिकटवून पहिलं विमान दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलं. वहिनी तेव्हा नवी होती. तिने महिनाभर ताटं जमिनीवर वाढली आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. लिफ्टवाल्याचे केस पिकले तरी दादा त्याला "छोट्या" म्हणायचा, आणि तोही निमूट ओ द्यायचा.

ही गोष्ट जुन्या रिमोटांच्या काळातली. आजचे रिमोट आपली वाट आपण शोधून घेतात. तेव्हाच्या प्रत्येक रिमोटला एक ठरावीक नंबर असायचा, आणि त्याच नंबरचा दुसरा रिमोट जवळपास कुणी नुसता चालू केला तरी हवेतलं विमान दोघांचं ऐकू लागायचं. म्हणजे कुणाचंच ऐकायचं नाही. थरथरायचं, कलंडायचं आणि खाली यायचं. म्हणून मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक फळी टांगलेली होती. तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर नंबर रंगवलेला. आपल्या नंबरचा चिमटा घ्यायचा, रिमोटच्या एरियलला लावायचा, मगच स्विचला हात. चिमटा फळीवर नसेल तर कुणीतरी उडवतोय, आपण गप्प बसायचं. जो चिमट्याशिवाय स्विच लावेल त्याला मैदान कायमचं बंद. ती फळी दादाने रंगवली होती आणि नियमही दादाचाच होता.

दोघा भावांचा नंबर एकच, सहा. दादाने मुद्दाम तसा घेतला होता, एकाचा रिमोट बिघडला तर दुसऱ्याचा चालावा म्हणून. त्यामुळे दोघांत चिमटा एक. दादा आधी उडवायचा, विमान उतरवायचा, आणि एरियलचा चिमटा काढून धाकट्याच्या कॉलरला लावायचा. इतकी वर्षं गेली, पण कधी घोटाळा झाला नाही.

मग एका रविवारी लिफ्टवाल्याचं विमान पडलं. निळं, रुंद पंखांचं, हिवाळाभर खपून बनवलेलं. छान चाललेलं असताना अंगात आल्यासारखं थरथरलं, पाठीवर पडलं आणि नाकावर आपटलं. मंडळींना हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. "काय लिफ्टवाले, रेडिओ गेला का?" मंडळींतले दातांचे डॉक्टर म्हणाले. तोही हसला. घरी जाऊन पंख जोडला, बॅटरी बदलली आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर विमान शेडवरून गाड्यांकडे गेलं आणि एका बाईच्या खांद्याला घासून गाडीच्या काचेवर फुटलं. बाईला खरचटण्यावरच भागलं, पण ती खालीच बसली, आणि मैदानावर कुणाला हसू आलं नाही.

मैदानाचे सेक्रेटरी म्हणजे नियमांचं बाड. घरी चहाही वेळापत्रक लावून पीत असावेत. पण त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही. "लिफ्टवाले, तुम्हीच आमचे दोष शोधणारे. आता स्वतःचा शोधा. सापडेपर्यंत विमान उडवू नका," ते म्हणाले. आणि यात त्यांचं काय चुकलं?

लिफ्टवाला शोधाला लागला. मागच्या खोलीतल्या टेबलावर विमानाची आतडी पसरली. बॅटरीवर भार टाकून मीटर लावलं. स्विच शंभरदा वर-खाली केला. पंखांच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी एकेक उघडल्या. रिमोटचं ऐकणाऱ्या विमानातल्या रिसिव्हरची वायर नखाने दाबत टोकापर्यंत गेला. लोखंडावर लोखंड घासून कुठे खरखर होत असेल म्हणून प्रत्येक स्क्रूखाली रबर घातलं. मग अंगणात विमान ठेवून, रिमोटची एरियल मिटून, चालत चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथूनही विमान इमानदारीत हललं. सगळं कसं जिथल्या तिथे. त्याने हात टेकले.

दादा रोज संध्याकाळी यायचा आणि स्टूल ओढून शेजारी बसायचा. त्याचे हात अजून पक्के होते, मोहरीएवढा स्क्रूसुद्धा बोटांतून सुटायचा नाही. "छोट्या, बॅटरी बघितलीस का?" तो विचारायचा. बघितली, दादा. थोड्या वेळाने, "बॅटरी बघ आधी." आणि निघताना दारात चप्पल घालता घालता, "बॅटरीचं बघितलंस का रे?" लिफ्टवाल्याला ती दादाची जुनी शिस्त वाटली. माणसाला नको ते दिसत नाही, हे एरवी दुसऱ्यांना सांगत फिरणारा हा माणूस.

कुणीतरी चिमटा न घेता सहा नंबरचा रिमोट चालू करत असेल, ही शंका त्याला आली नाही असं नाही. मैदानावर सहा नंबरवाले आणखी दोघे-तिघे होते. त्याने विचारलं, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा दादाच पुढे होऊन तापला. "चिमट्याशिवाय स्विच लावणारा माणूस नाही, गुन्हेगार आहे! त्याला इथून हाकलून द्या!" दादाचा आवाज इतका चढला, की दातांच्या डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. दादाला सोडून बाकी सगळ्यांवर लिफ्टवाल्याने संशय घेऊन झाला.

विमान उडवायची बंदी होती, टेबलावर ठेवायची नव्हती. एका रविवारी त्याने शेडमधल्या टेबलावर विमान ठेवलं, पंख काढून, पोट उघडं. रिसिव्हर चालू केला. त्याचा रिमोट बंद होता, शेजारीच पडला होता, सहाचा चिमटाही त्याच्या कॉलरला होता. आता जे काही येईल ते बाहेरून येईल. तो हाताची घडी घालून जिन्यात बसल्यासारखा बसला.

बऱ्याच वेळाने शेपटी हलली.

आधी डावीकडे, मग उजवीकडे, दोनदा. मग मागची झडप वर, खाली आणि वर. मग जरा थांबून पुन्हा डावीकडे, अगदी हळू, टोकापर्यंत. उड्डाणाआधी झडपा तपासायची प्रत्येकाची एक लकब असते, बोटांतच बसलेली, सहीसारखी. ही लकब लिफ्टवाला लहानपणापासून बघत आला होता.

तो शेडच्या मागे गेला. दादा घडीच्या खुर्चीवर उन्हात बसला होता. रिमोट मांडीवर, एरियल पूर्ण उघडलेली, दिवा लागलेला. समोर विमान नव्हतंच, ते गाडीत होतं. दादा समोरच्या गवताकडे बघत रिमोटच्या दांड्या हलवत होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की कुणालाही हेवा वाटावा.

"दादा, चिमटा?"

"चिमटा तुझ्याकडे आहे ना?" दादा हसत म्हणाला. "तू उडव. मी बसलोय."

"मग रिमोट का चालू केलास?"

"कुठे केला?" दादाने खाली बघितलं. दिवा दिसला तशी त्याची बोटं घाईघाईने स्विचवर गेली, आणि तो धाकट्याकडे अशा नजरेने बघू लागला, की लिफ्टवाल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी नाही केला, छोट्या. मी कसा करीन?"

"नाही रे, मीच केला मघाशी," लिफ्टवाला म्हणाला. दादाचा लगेच विश्वास बसला. ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी तो वहिनीला भेटला. दादा आत झोपला होता. सांगायला तोंड उघडायच्या आधीच वहिनी म्हणाली, "तुम्हाला कळलं वाटतं." गॅसची कळ ती रोज रात्री काढून उशाशी ठेवत होती. भाजीला म्हणून गेलेला दादा दोनदा जुन्या छापखान्याच्या फाटकाशी सापडला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव तिला सांगता येत होतं, पण तिने ते अजून कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?"

"तुम्ही त्यांच्याकडे कसे बघता ते माहीत आहे मला. ते तसंच राहावं असं वाटलं." मग पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "भाऊजी, मैदान बंद करू नका. आठवडाभर भिंतीकडे बघत बसतात. रविवारी मात्र आपले आपण उठतात, बूट घालतात, माझ्याशी बोलतात. तेवढा एकच दिवस मला माझा माणूस मिळतो."

सेक्रेटरींना खरं सांगावं, तर नियम नियम होता, आणि तो दादाचाच होता. स्वतःचा नंबर बदलावा, तर दादाचा रिमोट दुसऱ्या कुणाचं विमान पाडणार, आणि प्रत्येक वेळी खरचटण्यावर भागेलच असं नाही. रिमोट घरी ठेवून दादाला न्यावं, तर तेही करून झालं. दादा अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि बूट घालून दिवसभर खुर्चीत बसला. आणि मग जे लिफ्टवाल्याला सुचलं ते फक्त मेकॅनिकलाच सुचावं.

त्या रिमोटांच्या पाठीवर एक छोटं झाकण असायचं. आत क्रिस्टल, बोटाच्या पेराएवढी चकचकीत डबी, खाली दोन पाय. रिमोटचा नंबर ठरतो तो तिच्यामुळेच. ती उपटली की दिवा लागतो, बॅटरीचा काटा हलतो, दांड्या हलतात, पण बाहेर काहीच जात नाही. दादाने आजवर शेकडो वेळा अशा डब्या काढल्या-घातल्या होत्या, मैदानावर कुणाच्या डबीचे पाय वाकले तर सरळ करून दिले होते. दादा आंघोळीला गेला असताना लिफ्टवाल्याने त्याच्या रिमोटचं क्रिस्टल काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. सख्ख्या भावाच्या घरात त्याला चोरासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींना त्याने सांगितलं, की वायर आतून तुटली होती. निळं विमान उडालं, फिरलं, नीट उतरलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शेडमागे दादा खुर्चीत बसून दांड्या हलवत होता आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. सगळं छान जमलं होतं. लिफ्टवाल्याला विमान उचलून जमिनीवर आपटावंसं वाटत होतं.

पण दादाने त्या दिवशी काय मनात आणलं कोण जाणे, गाडीतून आपलं विमान काढलं, टेबलावर ठेवलं आणि रिमोट लावला. विमान ढिम्म. त्याने दांड्या हलवल्या. काही नाही. "वारा आहे आज, राहू दे," असं म्हणत लिफ्टवाल्याने त्याला घरी आणलं. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "जेवणावर लक्ष नाही हो त्यांचं. सारखं ते विमान घेऊन बसलेत. तुम्ही या."

तो गेला तेव्हा दादा टेबलाशी बसला होता, चष्मा नाकावर, हत्यारं उजव्या हाताला एका ओळीत. कित्येक महिन्यांत बघितला नव्हता असा ताठ बसला होता. "बरं झालं आलास. दोघं मिळून शोधू," दादा म्हणाला.

लिफ्टवाला स्टूल ओढून बसला. क्रिस्टल खिशातच होतं. वाटेत त्याने मनाशी पक्कं केलं होतं: दादाने झाकण उघडून रिकामी जागा बघितली, की लगेच डबी पुढे ठेवायची. मग दादा शिव्या देईल, थोबाडीत देईल, आयुष्यभर बोलणार नाही. देऊ दे, नाही बोलू दे. त्याला पकडलं जायचं होतं. पकडायला दादा शिल्लक असावा, एवढंच त्याला हवं होतं.

दादा शोधू लागला. बॅटरी मीटरला लावली, आकडा वाचला, मान डोलावली. स्विच. जोड एकेक उपटून पुन्हा बसवले. मोटारींची अदलाबदल केली, आणि जी हलायला हवी तिच्याकडे बघत राहिला. मग विमानाच्या पोटातला रिसिव्हर काढला, त्यातलं जोडीचं क्रिस्टल उपटलं, पाय फडक्याने पुसले आणि जागेवर दाबून बसवलं. दादाला आठवत होतं! लिफ्टवाल्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

दादाने रिमोट उलटा केला, नखाने झाकण काढलं. आत दोन रिकामी भोकं होती.

तो बघत राहिला. चष्मा वर ढकलून, जवळ नेऊन बघितलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. दादाने भोकांत फुंकर मारली, धूळ उडवली, फडक्याचं टोक फिरवलं आणि झाकण लावून टाकलं.

"इथलं ठीक आहे," तो म्हणाला.

लिफ्टवाल्याने खिशातून क्रिस्टल काढून टेबलावर ठेवलं, दादाच्या अगदी हाताशी. दादाने ते उचललं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "छान आहे," तो म्हणाला. आणि मग ते जाऊन त्याने खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकलं. "असं टेबलावर टाकू नये, हरवतं."

तेव्हा लिफ्टवाल्याचा बांध फुटला. वडील गेले तेव्हा तो लहान होता, त्याला फारसं कळलं नव्हतं. आज कळत होतं. तो टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला, आणि वहिनी दाराशी आली ती तिथेच चौकट धरून उभी राहिली.

दादा गडबडला. खुर्ची सरकवून जवळ आला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"अरे वेड्या, रडतोस काय? विमान कुणाचं, माझं. बंद पडलंय ते माझं, आणि तू कशाला रडतोस?" मग खाली वाकून, त्याच्या कानाशी, हळूच म्हणाला, "घाबरू नकोस, छोट्या. मी आहे ना. मी शोधून देतो तुला."

आणि स्क्रूड्रायव्हर उचलून तो पुन्हा पहिला स्क्रू काढू लागला.